नायकपणाचा राजीनामा

युद्धोत्तर रोममध्ये दिवसा एका चित्रपटसंस्थेच्या दफ्तरात जमाखर्चाचे आकडे मांडावेत आणि सायंकाळी विद्यापीठाच्या नाट्यमंडळात तालमीस हजर व्हावे, असा शिरस्ता ज्या तरुणाने काही काळ सांभाळला, तो मार्चेल्लो मास्त्रोयानी पुढे इटलीचा सर्वांत देखणा नायक म्हणून जगन्मान्य झाला. पण मला त्याच्या चरित्रात मोह पडतो तो त्या कीर्तीचा नव्हे, तर तिच्याशी त्याने जन्मभर अत्यंत सौजन्याने पुकारलेल्या असहकाराचा.

१९४८ साली लुकिनो व्हिस्कोंतीने त्याला आपल्या नाटकमंडळीत घेतले. शेक्सपिअर, टेनेसी विल्यम्स, चेखव अशा भिन्न प्रकृतीच्या नाटककारांच्या भूमिका त्या करड्या दिग्दर्शकाच्या नजरेखाली करताना, रंगमंचावर दुसरा बोलत असता आपण काय करावे, ही नटाची सर्वांत अवघड विद्या त्याने तेथेच हस्तगत केली असावी, असे मला वाटते.

१९६० साली दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'मुळे जगाने त्याला प्रणयवीराची सनद बहाल केली, आणि त्याच वर्षी 'इल बेल आंतोनिओ'मध्ये त्याने, ज्याच्या रूपावर सारे कातानिया शहर लुब्ध आहे परंतु ज्याला पतिधर्म पाळता येत नाही, अशा पुरुषाची भूमिका पत्करली! पुढच्याच वर्षी 'दिव्होर्त्सिओ आल्'इतालियाना'त केस चोपडून बसवलेला, तोंडाचा विचित्र चाळा करणारा सिसिलीतला हास्यास्पद उमराव. ऑस्करचे पहिले नामांकन त्याला मिळाले ते याच भूमिकेसाठी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या असहकाराचा कळस म्हणजे १९७७ चा चित्रपट 'उना जोर्नाता पार्तिकोलारे'. ६ मे १९३८, हिटलरच्या स्वागताला सारे रोम लोटलेले. मागे उरलेल्या रिकाम्या चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सोफिया लोरेनची दमलेली गृहिणी वाळत घातलेल्या चादरी काढते आहे आणि समलिंगी म्हणून नभोवाणीतून बडतर्फ झालेला मास्त्रोयानीचा निवेदक तिला घड्या घालू लागतो. ती आवेगाने त्याला जवळ घेते, तेव्हा त्याच्या मुद्रेवर अभिलाषा उमटत नाही. उमटतो तो संकोच आणि करुणा. ज्या मुखाने जगाला भुरळ घातली, त्याच मुखाने दिलेला असा नकार मी पडद्यावर अन्यत्र पाहिलेला नाही.

अखेरीस, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने देह पोखरला असता, 'ले उल्तिमे लुने' या नाटकात, मुलाचे घर सोडून वृद्धाश्रमात निघालेल्या प्राध्यापकाची भूमिका घेऊन तो रंगभूमीवर परतला. १९ डिसेंबर १९९६ रोजी पॅरिसला त्याचे निधन झाले. ज्यांना तो केवळ फेलिनीचा नायक म्हणून ठाऊक आहे, त्यांनी तो गच्चीवरचा प्रसंग एकदा अवश्य पाहावा.