पोफळीचं कॉस्टिंग

पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, एका झाडाला 50 रुपये, माडाला 250. निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 ला रायगड-रत्नागिरीच्या बागा आडव्या केल्या, त्यानंतर सरकारने झाडामागे ठरवलेली ही भरपाई. गेल्या हिवाळ्यात दिवेआगरच्या एका वाडीत उभं राहून हा आकडा मी ऐकला, आणि तो अजून डोक्यातून जात नाही. मी गेलो होतो दोन दिवस शांत बसायला. परत आलो ते डोक्यात हिशोब घेऊन.

मी चाकणला एका वेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला मोशीत. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. प्रेस शॉपचा धडधडाट, तळेगाव चौकातली रांग, घरी पोचल्यावर समोरच्या प्लॉटवर रात्री अकरापर्यंत चालू असलेलं काँक्रीट मिक्सर. सुट्टीच्या दिवशी अंथरुणात पडलं तरी कानात प्रेस चालूच असते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तिला जोडून शुक्रवारची रजा टाकली. पोरीची शाळा बुडणार म्हणून घरात थोडी कुरबूर झाली, पण निघालो. हिंजवडी, पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि बोर्ली पंचतन. पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी गडगे सुरू होतात आणि एकदम सावली येते. ते दिवेआगर.

गुरुवारी तिथे चिटपाखरू नव्हतं. शनिवार-रविवारी निम्मं पुणे तिथे असतं म्हणतात. आम्हाला तो चार-पाच किलोमीटरचा किनारा जवळपास एकट्यांना मिळाला. सुरूच्या बनातून बाहेर पडलो तर समोर ओहोटी लागलेली, ओली वाळू आरशासारखी, आणि पाण्याच्या कडेला कुरवांचा थवा एकाच दिशेला तोंड करून बसलेला. माझी मुलगी उकिडवी बसून वाळूतल्या बारीक खेकड्यांकडे बघत होती. खेकडा बिळातून बाहेर येई, वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूला टाकी, पुन्हा दुसरी. बिळाभोवती अशा गोळ्यांची नक्षीच तयार झाली होती. तिने मला हाक मारली ती कुजबुजत. तिचा इतका हळू आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता, कारण घरी हळू बोललेलं ऐकूच येत नाही. तेव्हा मनात आलं, हे गाव कुणाला सांगायचं नाही. ग्रुपवर फोटोसुद्धा टाकायचा नाही.

संध्याकाळी देवळात जाऊन आलो. सुवर्ण गणेशाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 1997 साली एका बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. 2012 साली दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले. 2021 मध्ये मुखवटा नव्याने घडवून बसवला. शिलाहारांच्या काळातला इथला 1060 चा ताम्रपट मराठीच्या अगदी जुन्या लेखांत धरला जातो, हे काकांकडून कळलं. काका म्हणजे आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते. वय सत्तरीच्या पुढे. काकू सकाळी घावन आणि नारळाची चटणी करून वाढत होत्या आणि काका आम्हाला वाडी दाखवायला घेऊन गेले.

वाडी म्हणजे दोन घरांच्या मधली, समुद्राकडे लांब गेलेली अरुंद पट्टी. पुढच्या भागात उंच पोफळी, त्यांच्या खोडावर मिरीचे वेल, मधे एक जायफळ. पण अर्ध्यावर गेलो आणि सावली संपली. वर मोकळं आभाळ, खाली केळी आणि केळींच्या आडोशाला हातभर उंचीची पोफळीची रोपं. काही रोपांची पानं कडेने करपून तपकिरी झालेली. मी विचारलं, पाणी कमी पडतं का? काका म्हणाले, "पाणी आहे. सावली नाही."

मग त्यांनी नीट सांगितलं. लहान पोफळीला ऊन सोसत नाही, ती मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. बाग एकदा उभी राहिली की जुनं झाड जातं, त्याच्या जागी नवं लावतात, ते बाकीच्यांच्या छायेत मोठं होतं. म्हणून बागेला म्हातारपण येत नाही. वादळात सगळंच एकदम गेलं. दुपारी साडेबारा-एकला वारा सुरू झाला तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पोफळीची बारीक उंच खोडं मोडली, माड मुळासकट उपटून पोफळींवर पडले, मिरीचे वेल त्यांच्यासोबत गेले. दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेली बाग आडवी झाली. घराची कौलं उडाली होती, लॉकडाउन चालू होता, मजूर मिळत नव्हते आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. विहिरीला पाणी होतं, पण पंप चालवायला वीज नव्हती. वाचलेली रोपं काकूंनी कळशीने शिंपली.

एका पडलेल्या खोडाचा तुकडा काकांनी अजून ठेवलाय, बसायला. त्यावर वळ्या असतात. पोफळीचं झावळ गळून पडलं की खोडावर एक वळी राहते. काकांनी बोटाने मला त्या वळ्या दाखवल्या. खाली लांब लांब, वर जवळ जवळ. "इथे मुंज झाली मुलाची," म्हणाले, आणि बोट वर नेत, "इथे तो मुंबईला गेला."

आता भरपाई. आधीचा निकष फळबागेला हेक्टरी 18 हजारांचा होता, तो वाढवून 50 हजार केला. ऐकायला बरं वाटतं. पण हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला 500 रुपये, आणि इथे कुणाकडे हेक्टर आहेत? वाड्या गुंठ्यांत मोजतात. वीस गुंठ्यांची बाग पूर्ण गेली तर दहा हजार. त्यातही सातबारा सामाईक, दहा-बारा नावं, निम्मी मुंबईला. लोकांनी ओरड केली तेव्हा झाडामागे दर ठरला, तो हा 50 आणि 250. काका म्हणाले, "पडलेलं झाड तोडून बागेबाहेर काढायला त्याहून जास्त मजुरी गेली." आवाज चढवला नाही. मला मात्र राग आला, आणि अजून आहे.

कारण हिशोब हे माझं रोजचं काम आहे. आमच्या कंपनीतून एखाद्या ब्रॅकेटला बर, म्हणजे कडेला धातूची खरखरीत धार, राहिली आणि तो कस्टमरच्या लाइनवर सापडला, तर डेबिट नोट येते. तिच्यात त्या ब्रॅकेटची किंमत ही सगळ्यात छोटी रक्कम असते. सगळा लॉट तपासायला लावलेली माणसं, परत आणायचं भाडं आणि लाइन जितकी मिनिटं थांबली त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे. काम थांबण्याला किंमत असते, हे चाकणला सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळे मान्य करतात. मग पोफळीची लाइन किती थांबली? रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा ते आठ वर्षं लागतात आणि त्यानंतर ते झाड चाळीस-पन्नास वर्षं देत राहतं. इथे तर आधी केळी लावून सावली उभी करायची, मग रोप. म्हणजे घराचं दहा वर्षांचं उत्पन्न थांबलं. मिरी गेली, जायफळ गेलं. श्रीवर्धन रोठा म्हणून ज्या सुपारीचं नाव आहे, जिच्यासाठी श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, ती सुपारी. तिच्या झाडाला 50 रुपये कुठल्या कॉस्टिंगमध्ये बसतात? सरकारने सगळं भरून द्यावं असं मी म्हणत नाही, तिजोरीला मर्यादा असते. पण भरपाई ठरवताना झाड पुन्हा उभं राहायला लागणारी वर्षं धरायलाच हवीत. भात आणि पोफळ एका कागदावर कशी बसतील? भात पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो, पण आदल्या दिवशीचं मन राहिलं नव्हतं. ती शांतता मला सुख देत होती खरी, पण ती कशामुळे आहे हेही दिसायला लागलं होतं. रस्त्यावर बंद घरं किती, कुलुपं किती. तरुण मुलगे मुंबईला, बागा म्हाताऱ्यांच्या जिवावर. आमच्याकडे सगळ्या महाराष्ट्रातली पोरं येऊन गर्दी झालीय, आणि ती जिथून निघाली तिथे ही शांतता उरलीय. ती आपल्यासाठी जपून ठेवावी असं वाटणं बरोबर नाही. काका-काकूंचं घर आज आमच्यासारख्या पाहुण्यांवर चालतं. बाग आठ-दहा वर्षांनी उभी राहील तेव्हा राहील.

आणि तरी गर्दीचीही भीती वाटते. स्पेनच्या मायोर्का बेटावर 2024 मध्ये हजारो स्थानिक लोक रस्त्यावर उतरले, पर्यटकांमुळे घरभाडी परवडेनाशी झाली म्हणून. तिथेही एकेकाळी कोळ्यांची, शेतकऱ्यांची शांत गावं होती. दिवेआगरला तसं व्हायला वेळ लागेल, पण लक्षणं आहेत. वाडी विकून तिथे स्विमिंग पूलवाला बंगला उभा राहतो. शनिवारी आमच्याच चाकणला बनलेल्या जाडजूड गाड्या वाळूत घालून रील काढतात, जिथे माझी मुलगी खेकड्यांची नक्षी बघत बसली होती तिथेच. दोन्ही गोष्टी माझ्या मनात आहेत, आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

एवढं मात्र सांगतो. गावाचं नाव लपवायचं ठरवलं होतं, ते आता उघड लिहितोय. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या मंडळींनो, आपल्याला गुरुवारची सुट्टी आहे, तिचा उपयोग करा. रिसॉर्टपेक्षा वाडीतल्या घरात उतरा. सांगितलेल्या दरात घासाघीस करू नका. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा. बाटल्या आणि पिशव्या परत घेऊन या. सुपारी, मिरी, नारळ घ्यायचे तर त्या घरातूनच घ्या, आणि किंमत ठरवताना त्या झाडाची वर्षं मोजा.