न मोजलेली हवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की माझ्या गॅरेजात पिवळ्या गाड्या येऊ लागतात. वरून काळ्या, लाल, निळ्या. पण आतून पिवळ्या. हमाल, तोलाईदार, अडत्यांकडची पोरं दिवसभर गोदामाच्या दारात गाड्या लावतात, आणि हळदीची धूळ वाट मिळेल तिथं शिरते. परवा असाच एक तोलाईदार जुनी स्प्लेंडर ढकलत घेऊन आला.

"मेस्त्री, लई खोकतीया. प्लग बदलला, फिल्टर नवा टाकला, तरी हाय तशीच."

मी कार्बरेटर उतरवला. मागच्या तोंडाशी हळदीचं बोट फिरवल्यासारखा पट्टा. फिल्टरची आतली बाजू मात्र स्वच्छ. म्हणजे धूळ फिल्टरमधून आलेली नव्हती. फिल्टर आणि कार्बरेटर यांच्या मधेच कुठून तरी ती शिरली होती. दोघांना जोडणारं रबर काढून उलटं वाकवलं, तर खालच्या घडीत नखाएवढी भेग आणि भेगेच्या दोन्ही काठांवर हळद. साधी धूळ असती तर मला अर्धा तास शोधावं लागलं असतं. हळदीनं पत्ता लिहूनच ठेवला होता. बारीक धुळीनं स्लो जेट तुंबला होता, एवढंच. जेट साफ केला, रबर नवं घातलं, गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

प्रत्येक भेग इतकी मनमोकळी असती, तर आमचा धंदा सोपा झाला असता.

कार्बरेटर म्हणजे तराजू. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. कार्बरेटरच्या गळ्यातून हवा जाते, जाताना तिच्या ओढीनं जेटमधून पेट्रोल वर येतं. जितकी हवा, तितकं पेट्रोल. पुष्कळ मोटरसायकलींत या तराजूच्या दोन्ही बाजूंना रबर असतं. मागचं फिल्टरच्या डब्याला जोडणारं आणि पुढचं इंजिनाला जोडणारं. आमच्यात पुढच्याला बूट म्हणतात, कुणी मॅनिफोल्ड म्हणतं, आणि गिऱ्हाईक दोन्हींना 'त्ये रबर' म्हणतं. मागचं रबर फाटलं की आत जाणारी हवा तोललेली असते, पण गाळलेली नसते. पुढचं फाटलं की ती गाळलेलीही नसते आणि तोललेलीही नसते. ती तराजूच्या पलीकडून, मागच्या दारानं येते. कार्बरेटर बिचारा आपल्या हिशेबानं पेट्रोल देत राहतो, आणि इंजिनाला ते कमी पडतं. या हवेला मी मनातल्या मनात 'न मोजलेली हवा' म्हणतो. गॅरेजच्या भाषेत आपण नुसतं म्हणतो, "गाडी हवा घेतीया."

तिची लक्षणं ठरलेली. सकाळी किक मारून पाय दुखतो, चोक ओढल्याशिवाय गाडी उठत नाही, आणि चोक सोडला की बंद पडते. स्लो, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीची चाल, कधी मरतो, कधी आपोआप चढतो. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, वर लोंबकळत राहतो. उतारावर सायलेन्सरमधून फटफट होते. प्लग काढला तर चहाच्या रंगाऐवजी पांढरट. यातलं एखादं लक्षण दहा कारणांनी येतं; पण चार-पाच एकत्र आली की मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो आणि आधी रबर वाकवून बघतो.

हे शहाणपण मला साताऱ्यात मिळालं, आणि फुकट मिळालं नाही.

पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजात मी पोरगेला असताना हाताखाली लागलो. साताऱ्यात तेव्हा अजून गल्लीगणिक प्रिया स्कूटर दिसायची. दिसणारच, ती गावचीच. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची. आमचे मेस्त्री आणि त्यांच्या पिढीचे बहुतेक कारागीर प्रियावर हात बसवून मोठे झालेले. प्रियाचा कार्बरेटर पत्र्याच्या डबीत, थेट इंजिनाच्या अंगावर बसलेला. मधे रबराचा बूटच नाही. त्यामुळं आम्हा पोरांना जेट फुंकून साफ करायला, पॅकिंग कापायला आधी शिकवलं जाई. रबराकडं बघायची सवय मोटरसायकलींनी लावली, आणि त्यातही यामाहा आरएक्स १०० नं.

१९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती गाडी बनली. ९८ सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, पण अंगात वारं भरलेलं. कॉलेजची पोरं, फौजेतून सुट्टीवर आलेले जवान, सगळे तिच्यासाठी वेडे. अशीच एक आरएक्स माझ्याकडं आली. मालक म्हणाला, "स्लो लागत न्हाई." मेस्त्री बाहेर गेले होते. मला माझी हुशारी दाखवायची होती. मी एअर स्क्रू थोडा आत घेतला, म्हणजे पेट्रोलचा भाग वाढला. स्लोचा स्क्रू थोडा चढवला. गाडी गोड आवाजात उभी राहिली. पाच मिनिटांत काम, वीस रुपये खिशात.

दोन दिवसांनी तीच गाडी टेम्पोतून परत आली. मालक मित्राला घेऊन कासला गेला होता. यवतेश्वरचा घाट चढून गाडी गरम झालेली. परत येताना उतारावर त्यानं रेस पूर्ण सोडली, आणि निम्म्या घाटात मागचं चाक घासत थांबलं. पिस्टन धरला होता. नशीब, दोघं पडले नाहीत.

मेस्त्रींनी मला काही न बोलता कार्बरेटर खोलायला लावला. पुढच्या बुटाला, खालच्या बाजूनं, भेग. मग त्यांनी एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली. उतारावर रेस सोडली की कार्बरेटरचं दार मिटतं, पण इंजिन फिरतच असतं. त्याची ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त. ती ओढ भेगेतून कोरडी हवा आत घेते. पेट्रोल जवळपास बंद. आरएक्सचा ऑइल पंप रेसच्या केबलला बांधलेला, म्हणजे ऑइलही अगदी कमी. चढावर तापलेला पिस्टन, त्याला ना पेट्रोलचा गारवा, ना ऑइलचा ओलावा. "तू स्क्रू फिरवून भेग झाकलीस," ते म्हणाले. "गाडी सांगत हुती, तू तिचं तोंड दाबलंस."

पिस्टन, रिंगा आणि बोअरचा खर्च मेस्त्रींनी मालकाकडून घेतला नाही. माझ्या पगारातून कापला, चार महिने. आणि एक नियम घालून दिला: ट्यूनिंग झालं की गाडी स्लोवर सोडायची आणि टपरीवर जाऊन चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत स्लो ढळला नाही, तरच गाडी द्यायची. आम्ही पोरं हसायचो. म्हाताऱ्याला चहाची तलफ, असं म्हणायचो.

आता वाटतं, त्या चहाइतकं चांगलं मापयंत्र मी दुसरं पाहिलं नाही. गार रबर ताठ असतं, त्याची भेग मिटलेली असते. इंजिन तापलं, रबर मऊ पडलं, कार्बरेटरचं ओझं त्यावर लोंबलं की भेग उघडते. पाच मिनिटांत गोड वाटणारी गाडी पंधराव्या मिनिटाला खरं बोलते. घाई असलेल्या मेस्त्रीला ते ऐकायला मिळत नाही.

भेग शोधायच्या रीती बऱ्याच. काही जण चालत्या गाडीच्या बुटावर पेट्रोल शिंपडून बघतात. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आवतण, ते मी कुणाला करू देत नाही. मी साबणाचं पाणी ब्रशनं लावतो. पंक्चरसारखे बुडबुडे येत नाहीत, कारण इथं हवा बाहेर येत नाही, आत जाते. पण पाणी भेगेवर आलं की क्षणभर ती बुजते आणि स्लोचा आवाज बदलतो. तो बदल ऐकायचा. दुसरी रीत म्हणजे जोडावर ग्रीसचा जाड थर देऊन बघणं. आवाज सुधारला तर चोर तिथंच. मग ग्रीस पुसून टाकायचं. ग्रीसनं रबर फुगतं, ते औषध नव्हे, तपासणी.

स्प्लेंडरला पुढं रबराचा बूट नसतो. ॲल्युमिनियमचा पाइप, मधे काळी चकती आणि ओ-रिंग. तिथं भेग पडत नाही, पण नट मरेपर्यंत आवळणारे हात पुष्कळ. फ्लँजचे कान वाकतात, मधे केसाएवढी फट राहते. मग काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात घासायचा, सगळीकडून सारखी चमक येईपर्यंत. कामाला वीस मिनिटं लागतात. गिऱ्हाइकाला वाटतं, मेस्त्री भांडी घासतोय.

बूट फाटल्यावर लोक काय काय करतात, ते मी पाहिलं आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. पेट्रोलचा वास लागला की ती फुगून सैल होते. एम-सील लावतात, ते कडक, रबर मऊ, थरथरीनं महिन्यात सुटतं. ऊस तोडणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याला स्पेअर मिळेना, म्हणून मीच त्याच्या गाडीला पाण्याच्या इंजिनाच्या रेडिएटर होजचा तुकडा बसवला होता. मोठी शेखी मिरवली. तो तुकडा पावसाळ्याआधी आतून सोलून निघाला. पाण्यासाठी बनलेलं रबर पेट्रोलला टिकत नाही, हे मला माहीत होतं. नुसतं विसरायचं ठरवलं होतं.

म्हणून नवा बूट घेताना मी आधी तो वाकवतो, नख रुतवतो. नखाचा वण लगेच बुजला पाहिजे. काही नकली बूट प्लॅस्टिकसारखे कडक येतात; बसवतानाच कळतं की वर्षभरात हे तडकणार. चांगला बूट कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पुसला की आपणहून कार्बरेटरवर चढतो. क्लिप आवळायची, पण रबरात रुतेपर्यंत नाही. मग एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, आणि तिथून कानानं.

कानाचा विषय निघाला की मला मिरजेचे एक कारागीर आठवतात. तंबोरे आणि सतारी करणारं घराणं. त्यांची गाडी तपासत असताना मी साबणाच्या पाण्याचा डबा शोधत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "मेस्त्री, हितनं श्श करतंय." आणि बोट नेमकं भेगेवर. मी त्यांना विचारलं, कसं काय? तर त्यांनी मला जवारी समजावली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं इतका किंचित उतरवायचा की तार त्याला धड टेकत नाही, धड सुटतही नाही. मग तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत सूर उघडेपर्यंत थांबायचं. "घोडी चुकली आसंल तर दोरा कितीबी सरकवा, आवाज बसत न्हाई," ते म्हणाले. मला माझा एअर स्क्रू आठवला, आणि यवतेश्वरचा घाटही.

हल्ली भेगांना नवी सोबत मिळाली आहे. आमच्याच नदीकाठचा ऊस, त्याच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल, ते पेट्रोलात मिसळून परत आमच्याच टाक्यांत. २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते. म्हणजे या मिश्रणाचं प्रमाण पावणेपंधराऐवजी साडेतेराच्या आसपास. जेट मात्र जुन्याच हिशेबाचे. म्हणून जुनी गाडी भेग नसतानाही थोडी उपाशी चालते, आणि भेग असली तर पूर्ण उपाशी. भेगेचा त्रास गावागणिकही बदलतो. एक गिऱ्हाईक सांगायचं, "महाबळेश्वरला गाडी झ्याक चालती, सांगलीत आली की मिसिंग." लोक त्याला हसायचे. पण सांगली साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. वर हवाच विरळ, त्यामुळं जादा हवेचा त्रास कमी. त्याच्या बुटातली भेग आम्हाला त्या एका वाक्यावरून सापडली. गिऱ्हाईक चुकीचं कारण सांगतं, पण लक्षण बहुधा खरं सांगतं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बरेटर गेला. आता सेन्सर धुरातली जादा हवा ओळखतो आणि बऱ्याच अंशी पेट्रोल आपणहून वाढवतो. चांगलंच आहे. पण कधी कधी वाटतं, तो सेन्सरही माझ्यासारखाच स्क्रू फिरवतोय. भेग तशीच आहे. दिवा लागेपर्यंत मालकाला पत्ता नाही.

आज संध्याकाळी एक आरएक्स झाली. मालक तिशीतला, वडिलांची गाडी. जुना बूट मी त्याच्या हातात दिला, वाकवून दाखवला. खालच्या बाजूनं भेग उघडली तसा तो दचकला. पैसे काढून तो किल्ली मागायला लागला. गाडी स्लोवर चालू होती, आवाज गोड.

"थांबा," मी म्हटलं. "आधी चहा घेऊ."

तो म्हणाला, चहा नको, घाई आहे. मी दोन सांगितले.