हजेरीपटाबाहेरचा थकवा

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कामाचा हिशेब सेकंदांत होतो. लाईनवर एका जोडणीला किती वेळ लागावा ते ठरलेलं असतं आणि ज्याचा आकडा निघत नाही, त्याला तिथे जागा नसते. ल्युपसचा थकवा असाच बिनआकड्याचा. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो हा आजार; दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक 15 ते 45 वयाच्या. म्हणजे आयटीआय संपवून कंत्राटावर लागण्याच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात तो गाठतो. त्या प्रत्येक टप्प्यावर थकव्याला एक कारण तयारच असतं: आधी अंगात रक्त कमी, मग नाईट शिफ्ट, मग तान्हं मूल. म्हणूनच तो इतका उशिरा ओळखला जातो, असं मला वाटतं.

दमतात तर सगळेच, असं कुणी म्हणेल. पण शिफ्टचा शीण झोपेने उतरतो. हा झोपून उठल्यावरही तसाच असतो. रिपोर्ट चांगले असताना थकवा कसा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. रक्त-लघवीच्या तपासण्या आजाराचा जोर सांगतात, थकव्याचा जोर मात्र त्यांच्याशी जुळतोच असं नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. रक्तक्षय, थायरॉइड, वेदना, नैराश्य ही कारणं शोधायलाच हवीत. झेपेल तसा वाढवत नेलेला व्यायामही उपयोगी पडतो. पण कारण सापडलं नाही म्हणून थकवा खोटा ठरत नाही. संशोधकसुद्धा तो प्रश्नावलीने, म्हणजे रुग्णालाच विचारून, मोजतात. मग सुपरवायझरला आणि सासरच्यांना तिचा शब्द का पुरू नये?

तिच्या शब्दावर सवलत दिली तर गैरफायदा घेतला जाईल, ही भीती मला पटत नाही. कंत्राटी बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. तो बुडवून खोटं कोण बोलेल? उलट नियमच अपुरे आहेत. ईएसआयच्या 1948 च्या कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला, पण नव्या आजारपणातले पहिले दोन दिवस त्यातून वगळले. दोन दिवस आडवं पाडून तिसऱ्या दिवशी कामावर जाऊ देणारा थकवा नेमका तिथेच निसटतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, ल्युपस नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. कायमची दिवसपाळी, बसून करायचं काम आणि कंपनीच्या बसथांब्यावर सावली (उन्हाने हा आजार चाळवतो) एवढं तर कारखान्याला आजच देता येईल.