पायरी न चढता हायकोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आम्ही मालगुंडकर मोठे झालो. पण निकाल वाचायला पायरी चढावीच लागत नाही, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही? मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादसुद्धा! सध्या माझ्या हातून दुसरं काही वाचून होत नाही.

सुरुवात हत्तिणीने केली. नांदणी मठाच्या महादेवीला जामनगरच्या ‘वनतारा’ प्राणिकेंद्रात पाठवा, हा 16 जुलै 2025 चा निकाल. टीव्हीवर निरोप, अश्रू, मोर्चे सगळं पाहिलं होतं. निकालात मात्र तिच्या पायांचं दुखणं आहे, जखमा आहेत, मठाच्या परंपरेचं म्हणणं आहे. आणि धार्मिक कार्यातल्या तिच्या वापरापेक्षा तिचं नीट जगणं वरचढ का, याचं उत्तर आहे. पटो न पटो, कारण लिहून दिलंय!

मग काय, सुटलेच मी. सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले कोर्टात, कारण एआय त्यांच्या आवाजाची नक्कल करू लागला. परवानगीवाचून असं करता येणार नाही, असा अंतरिम आदेश. दुसरीकडे रस्त्यातले खड्डे: ऑक्टोबर 2025 चा आदेश म्हणतो, खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख. आणि हे प्रकरण उभं कशावरून राहिलं? न्यायमूर्ती गौतम पटेलांनी 2013 मध्ये मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या एका पत्रावरून!

हेच पटेल पुन्हा भेटले कुणाल कामराच्या याचिकेत. सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी, हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं का? जानेवारी 2024 मध्ये पटेल म्हणाले, असं ठरवू देणारा नियम रद्द. शेजारी बसलेल्या न्यायमूर्ती नीला गोखले म्हणाल्या, नियम योग्य. फाइल तीच, कायदा तोच! तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी सप्टेंबरमध्ये पटेलांच्या बाजूने कौल दिला. रहस्यकथा झक मारते हो याच्यापुढे.

आणि आता आपल्या घरचं. कोकणात सामायिक जमिनीचा दावा नाही असं घर विरळाच. त्यातलं दुसरं अपील हायकोर्टात जातं आणि तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. बांध कुणी सरकवला याचं दळण पुन्हा दळत नाहीत. हे कळल्यावर आमच्याकडची कितीतरी भांडणं एकदम उलगडली. या अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, रत्नागिरीसह सहा जिल्ह्यांचं. आंबा घाट चढला की हायकोर्ट!

एक मात्र करा. निकाल हाती आला की शेवटच्या पानावर उडी मारू नका. हरलेल्याचं म्हणणं आधी वाचा. ते तिथे सविस्तर असतं, कारण ते खोडल्याशिवाय न्यायाधीशालाही कुणाला हरवता येत नाही. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ‘नाही’ का, ते परिच्छेदांना क्रमांक देऊन सांगणारं हे पहिलंच दार.