नानांचा सीपीयू

बरेच दिवसांनी लिहितेय. मधे विषय नव्हते असं नाही, पण लिहायला बसलं की दुसरंच काही निघायचं. आजचा विषय वरवर अगदी कोरडा आहे: मोठ्या कॉम्प्युटरऐवजी छोटा कॉम्प्युटर घ्यावा का? ज्यांना फक्त तेवढंच हवंय त्यांच्यासाठी आकडे मधे दिलेत. बाकीच्यांनी (म्हणजे मावशी, काकू आणि बंगलोरची चुलत गँग) पहिल्यापासून वाचा, कारण यात नाना आहेत.

तर झालं असं. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोलापूरहून नानांचा फोन आला. "सीपीयू गेला." आवाज असा की मला वाटलं शेजारचं कुणी गेलं. आमच्याकडे त्या मोठ्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली ती बोटभर चकती, हे मी नानांना वीस वर्षं सांगतेय. ते ऐकून घेतात आणि पुढच्या वाक्यात परत सीपीयूच म्हणतात.

हा सीपीयू घरी आला २००५ मध्ये. नव्या पेठेतून असेंबल करून घेतला होता. रिक्षात मागे नाना, मांडीवर मॉनिटर, पायाशी कॅबिनेट. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला (कॉम्प्युटरवर नाही, उंबऱ्यावर). त्याच आठवड्यात चादरीच्या कापडाचं एक उरलेलं तुकडं घेऊन तिनं कॅबिनेटला आणि मॉनिटरला मापानं खोळी शिवल्या. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट गेली की यूपीएस किंचाळायला लागायचा आणि नाना "सेव्ह कर, सेव्ह कर" म्हणत आतल्या खोलीतून धावत यायचे. २०११ मध्ये आतलं सगळं बदललं, पण कॅबिनेट तेच राहिलं, कारण खोळ त्याच मापाची होती. आई २०१९ मध्ये गेली. खोळ अजून आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. सोलापुरी चादरीवरचा मोर, कमळ, ती काठाची नक्षी हे छापलेलं नसतं, विणलेलं असतं, आणि ते जॅकार्डवर होतं. पूर्वी नाना आलेख-कागदावर चौकोन रंगवायचे. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. मग त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे एकमेकांना शिवून मागाच्या डोक्यावर माळ चढवायची. भोक असेल तिथला हूक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर उभा धागा उचलला जातो, आणि आडवा धागा त्याच्या खालून निघून जातो. भोक नसेल तर धागा जागेवरच. आहे किंवा नाही. एक किंवा शून्य.

हे फ्रान्समधल्या लिआँ गावच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास केलं. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांची कार्डं वापरून माणसं मोजली. म्हणजे कॉम्प्युटरच्या खानदानात माग हा सख्खा पणजोबा लागतो. हे मी कॉलेजात शिकले आणि सुट्टीत मोठ्या उत्साहानं नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आम्ही काय वेगळं करत होतो?"

निवृत्त झाल्यावरही पूर्व भागातले दोन-तीन यंत्रमागवाले नानांकडे येत राहिले. टॉवेलची एखादी किनार, जुन्या चादरीचा मोर नवीन मापात बसवून देणं, असली कामं. पैसे किरकोळ. पण रोज चार-पाच तास ते त्या खुर्चीवर असतात आणि "अहो, यांना विचारा" असं म्हणत कुणीतरी दारात येतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी याची किंमत काय असते हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सीपीयू गेल्याचा फोन आला तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. आता एक छोटा घेऊन देऊ, म्हटलं.

शब्दाची गंमत बघा. १९६५ मध्ये डीईसी कंपनीनं पीडीपी-८ काढला तेव्हा त्याला 'मिनी कॉम्प्युटर' म्हणत. तो घरातल्या फ्रिजच्या जातीचा होता आणि किंमत अठरा हजार डॉलर्सच्या वर. तेव्हाचे मोठे कॉम्प्युटर खोलीभर असायचे, त्यांच्या मानानं मिनी. आजचा मिनी म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढा. २००५ मध्ये, आमचा सीपीयू रिक्षातून आला त्याच वर्षी, ॲपलचा पहिला मॅक मिनी आला. साडेसहा इंच लांब-रुंद, दोन इंच उंच. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला, पत्त्यांच्या कॅटएवढा, ३५ डॉलर्सला. त्याच सुमारास इंटेलनं चार इंची 'नक' काढला. २०२३ मध्ये इंटेलनं त्यातून अंग काढून ते काम आसूसकडे सोपवलं, पण तोवर सगळ्याच कंपन्या असे डबे करायला लागल्या होत्या.

यात जादू काही नाही. आत बहुतेक वेळा लॅपटॉपचा किंवा कमी वीज खाणारा प्रोसेसर असतो, फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी, आणि पॉवर सप्लाय पोटात न ठेवता लॅपटॉपसारखा बाहेर वायरीत. ऑफिसं जुने डबे काढून टाकतात ते दुरुस्त करून विकणारे पुण्यात बरेच आहेत. मी तसला घेतला, साडेतेरा हजारांत. घेताना एकच बघितलं: आठव्या पिढीचा इंटेल तरी हवा, नाहीतर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार हे तेव्हाच जाहीर होतं.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडली. डबा खांद्यावरच्या पिशवीत, शेंगदाण्याच्या पुडीशेजारी. रात्री दहाला घरी. नाना जागे होते. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"कॉम्प्युटर."

"सीपीयू कुठाय?"

"हाच."

त्यांनी उचलून बघितला, उलटा केला, परत ठेवला. "उद्या बघू," म्हणाले आणि झोपायला गेले. त्यांचं "उद्या बघू" म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना माहीत आहे.

सकाळी मी वीज मोजायचं छोटं मीटर लावून त्यांना पटवायला बसले. (नानांना भावनेनं काही पटत नाही, आकड्यांनी पटतं.) तोवर ओळखीच्या दुरुस्तीवाल्या पोरानं येऊन जुन्याचा पॉवर सप्लाय बदलला होता, रॅम काढून खोडरबरनं घासली होती, आणि तो चक्क सुरू झाला होता! आठशे रुपयांत. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पण त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून मोजता आले. नानांचं डिझाईन उघडं असताना जुना ८५ ते ९० वॉट, छोटा १० ते १२. मॉनिटर दोन्हीकडे तोच.

नानांनी पाटीवजा कागद घेतला. फरक ७५ वॉटचा, रोज पाच तास, महिन्याला सव्वाअकरा युनिट. "म्हणजे शंभरेक रुपये. साडेतेरा हजार भागिले शंभर. एकशे पस्तीस महिने. पैसे फिटतील तेव्हा मी एकोणनव्वद वर्षांचा असेन."

तेव्हा मंडळी, विजेच्या बिलासाठी कुणी छोटा घेणार असाल तर नाना तुम्हाला घेऊ देणार नाहीत.

मग मी दुसरे दोन मुद्दे काढले. एक इन्व्हर्टर. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांची, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. जुनी झाल्यामुळे हातात धरा निम्मे. जुना कॉम्प्युटर, मॉनिटर आणि पंखा मिळून साधारण १८० वॉट, म्हणजे पाच तास. छोटा असेल तर १०० वॉट, म्हणजे नऊ तास. वळवाच्या पावसात तार तुटली की हा फरक कळतो. दुसरा उकाडा. जेवढे वॉट आत जातात तेवढी सगळी उष्णताच होऊन बाहेर पडते. बाहेर ४३ अंश असताना सहा बाय आठच्या खोलीत गुडघ्याशी ऐंशी-नव्वद वॉटची शेगडी घेऊन बसणं हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बरं नाही. यावर नाना काही बोलले नाहीत. म्हणजे पटलं.

पण छोट्याचे दोषही तिथेच कळले. असल्या बऱ्याच डब्यांच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं असतं. सोलापूरच्या मे महिन्यात ३५ अंश म्हणजे पहाट! दुपारी त्याचा इवलासा पंखा शिट्टी मारायला लागला आणि काम हळू झालं. आमच्या भागात हवेत कापसाचं तूस असतं, ते जाळीत बसतं. मोठ्या कॅबिनेटला एवढं तूस जाणवतही नाही, छोट्याचा श्वास कोंडतो. उपाय साधे: मॉनिटरच्या मागे पट्टीवर टांगला (म्हणजे चहूकडून वारा), आणि दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रश. शिवाय काही बिघडलं तर खोडरबरवाला पोरगा फारसं काही करू शकणार नाही. काही डब्यांत रॅमसुद्धा बदलता येत नाही, ती बोर्डावर पक्की बसवलेली असते. आमच्यात येते, ते बघूनच घेतला होता.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. नानांचं डिझाईनचं जुनं सॉफ्टवेअर एका कुलपावर चालतं. प्रिंटरच्या रुंद पोर्टात खोचायचा ठोकळा, तो असेल तरच उघडतं. छोट्या डब्याला ते पोर्टच नाही. आणि नानांची हजारावर डिझाईन्स त्या कुलपाच्या आत!

तीन दिवस आम्ही दोघं बसून एकेक डिझाईन उघडून साध्या बीएमपी चित्रात साठवत गेलो. पेन ड्राईव्ह माझ्याकडे, माऊस त्यांच्याकडे. प्रत्येकाला नानांची टिप्पणी. "हा मोर दोनदा चोरीला गेला." "ही किनार तुझ्या आईनं सुचवलेली, मालकाला सांगितलं नाही." बीएमपीचं एक बरं असतं, एक ठिपका म्हणजे एक चौकोन, काही बदलत नाही. मागवाल्यांची सॉफ्टवेअरं ते घेतात. फुकटच्या गिंपमध्ये जाळी लावून दिली तर नानांनी अर्ध्या तासात कमळाची पाकळी दुरुस्त केली. म्हणाले, "आलेख-कागदच की हा."

मला वाटलं, जिंकले.

तिसऱ्या रात्री जेवताना (कडक भाकरी, शेंगाचटणी, दही) ते शांतपणे म्हणाले, "डबा चांगलाय. पण तू पिशवीत मावणारा का आणलास ते मला कळतं."

मी म्हटलं, "का आणला?"

"मोठा सीपीयू पुण्याला नेता येत नाही. हा येतो. आधी डबा जाईल, मग माणूस."

भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहिला. कारण खरं होतं. वॉट, युनिट, उकाडा हे सगळं मी त्यांना सांगितलं, पण दुकानात उभी असताना माझ्या मनात आमच्या फ्लॅटमधल्या बाल्कनीलगतच्या खोलीचं माप होतं. एवढंसं टेबल बसतं तिथे. हा डबा तिथे बसला असता. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते, आणि नानांनी डबा उलटा करून बघतानाच ओळखलं असणार. "एकट्यानं राहू नका" हे तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून मी साडेतेरा हजारांचा वळसा घेतला होता. माझी काळजी खोटी नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले तेव्हा मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण विचारायला हवं होतं, मोजून दाखवायला नको होतं.

मी म्हटलं, "चुकलं. पण काळजी वाटते, नाना."

"वाटू दे की. मलाही तुझी वाटते." थोड्या वेळानं म्हणाले, "पुण्यात मला कोण विचारायला येणार? मोर कसा बसवायचा म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्या रात्री एवढं ठरलं की रोज रात्री नऊला डब्यावरून व्हिडिओ कॉल. चुकला तर मी शेजारच्या काकूंना फोन करणार, त्यांनी चिडायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसली. जुना सीपीयू टेबलाखालीच आहे, कुलूपवाल्या सॉफ्टवेअरसाठी, महिन्यातून एकदा सुरू होतो. मला वाटलं होतं आईची खोळ आता निकामी होईल. तसं काही झालेलं नाही.

दिवाळीला नाना दहा दिवस पुण्याला आले. खांद्यावर शबनम, शबनममध्ये डबा. बाल्कनीच्या खोलीत त्यांनी स्वतःच जोडला आणि सकाळी उठून बघते तर मागवाल्याशी फोनवर जोरात बोलणं चाललेलं, "अरे काठाला दोन ओळी वाढव, मी पाठवतो." मी दारात उभी. त्यांनी वळून न बघता म्हटलं, "काय बघायलीस? आणलाय तसा परत नेणार."

नेलाही. हुतात्मात बसवायला गेले तेव्हा पिशवी मी उचलून दिली. किलो-सव्वा किलो असेल. टेबल मात्र मी तिथून काढलेलं नाही. ते त्यांना दिसलं होतं, पण काही म्हणाले नाहीत.