पूर्ण एक मिनिट

नर्सिंगची परीक्षा आम्ही तिघी मैत्रिणी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात इन्चार्ज सिस्टर रात्रपाळीत आमचं काम तपासायला आल्या. चार्टवर आम्ही सगळ्यांचा श्वास २० लिहिला होता. त्या एका आजोबांच्या खाटेजवळ उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. ३२! लगेच डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला. आजोबा सावरले.

आमच्या तपासणीच्या कागदावर मात्र ‘पुन्हा परीक्षा’ असा शेरा पडला. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, हे आम्हाला पाठ होतं. मोजायचं तेवढं राहून गेलं होतं. आपल्या सहीने लिहिलेला आकडा ही रुग्णाची अमानत असते. आता घरी अम्मींना ताप आला, तरी आम्ही घड्याळ घेऊनच बसतो.