काळी आणि पांढरी

परभणीच्या आमच्या घराला दर उन्हाळ्यात तडा जायचा. म्हणजे तोच जुना तडा पुन्हा उघडायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून थेट जोत्यापर्यंत. बाबा मार्चमध्ये त्यात सिमेंट भरायचे, मेमध्ये ते सुटून यायचं आणि पावसाळा लागला की भेग आपोआप मिटायची. मग बाथरूमचं दार लागेनासं व्हायचं. आई म्हणायची, ठेकेदारानं वाळूत माती मिसळली. बाबा म्हणायचे, सिमेंट शिळं होतं. घर 1991 सालचं. बाबा जाईपर्यंत हा वाद चालू होता. घराखाली काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी हैदराबादला राहते, तेलुगूतून मराठीत आणि कधीमधी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. तेलुगू कथांमध्ये ‘नल्ल रेगडि नेल’ वारंवार येते. भूगोलाच्या पुस्तकातला ‘रेगूर’ हा शब्द या रेगडीवरूनच इंग्रजीत गेला. मी ‘काळी कसदार जमीन’ लिहून पुढे जायचे. त्याहून मोठी चूक एका मराठी कथेत केली. गावची पांढरी सोडून गेलेल्या माणसाला मी इंग्रजीत ‘पांढरी माती’ सोडायला लावली. तौलनिक साहित्याची एम.ए. पदवी अशा वेळी कामाला येत नाही. संपादकांच्याही लक्षात आलं नाही, तसंच छापून आलं.

त्या चुकीचा अर्थ मला दादाच्या प्लॉटवर कळला. शहराच्या कडेला, परवापरवापर्यंत कापूस होता तिथे त्यानं एन.ए. झालेली जागा घेतली. ठेकेदार म्हणाला, 5 फूट पाया पुष्कळ झाला. शेजारच्या शेतातले एक आजोबा खड्डा बघायला आले होते. ते म्हणाले, “ताई, ही काळी हाय. पांढरी तिकडं ऱ्हायली.” आणि त्यांनी लांबच्या उंचवट्यावरच्या जुन्या गावठाणाकडे हात केला.

काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची माती आणि चुलीतली राख मिसळून वस्तीची जमीन फिकी पडते. ज्या मातीत उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर जुन्या लोकांनी शक्यतो घरं बांधली नाहीत. आम्ही शिकलेल्यांनी बांधली, कारण सातबारा पाहिला, रस्ता पाहिला, शाळा किती लांब आहे ते पाहिलं.

मी हट्ट धरून माती तपासायला लावली. प्रयोगशाळेतली चाचणी इतकी साधी आहे की मला हसू आलं. चाळलेली कोरडी माती, 10-10 ग्रॅम, दोन मोजपात्रांत. एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. 24 तासांनी बघायचं. रॉकेलमध्ये माती 10 मिलिलिटरवर बसून होती. पाण्यात ती 18 पर्यंत आली होती. एका दिवसात 80 टक्के फुगली. पाणी या मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. वाळली की सगळं परत आकसतं. घराच्या मधोमध फरशीखाली ओल टिकते, कडेची माती मात्र वर्षभर फुगत-आकसत राहते. मग भिंत कोपऱ्यातून फाटते. सिमेंट चांगलं असलं तरी फाटते.

मुरूम 9 फुटांवर लागला. म्हणजे पाया तिथपर्यंत न्यायचा, जोत्याखालची काळी काढून मुरूम थराथरानं भरून दाबायचा, घराभोवती फरसबंदी करायची, छताचं पाणी लांब सोडायचं. हिशोब मांडल्यावर वरची खोली गेली. ती आईसाठी होती.

“जमिनीत पुरायचे पैसे,” दादा म्हणाला. आई म्हणाली, “मला जिना चढवत नाही, नको ती खोली.” ती खोटं बोलत होती.

खोली परत मिळवायची तर जुनं घर चांगल्या किमतीला विकणं भाग होतं. श्रावणात एक जोडपं घर बघायला आलं. पाऊस मनसोक्त झाला होता, भेग पूर्ण मिटलेली, दादानं वरून रंग मारलेला. मी जरा वेळ गप्पच होते. बाबांच्या वहीत पायाचा खर्च लिहिलेला आहे, 4 फुटांचा. ती वही माझ्या पिशवीत होती. त्या बाईंनी खिडकीपाशी उभं राहून विचारलं, “इथं रंग वेगळा का दिसतोय?”

दादानं माझ्याकडे पाहिलं.

“घर काळीवर आहे,” मी म्हणाले. “एकदा मे महिन्यात येऊन बघा.”

त्यांना कळलं. बाई माहेरच्या जिंतूरकडच्या होत्या. चहा पिऊन ते दोघं गेले. परतीच्या गाडीला सोडायला आला तेव्हा दादा स्टेशनपर्यंत एक शब्द बोलला नाही. आईनं मात्र रात्री फोन करून विचारलं, बाबांची वही नेलीस का, आणि नेलीच आहेस तर पायाखाली काय लागलं होतं ते त्यांनी कुठे लिहिलंय का बघ.